माळ्यावर सापडलेला जुना खेळ ‘चांगल्या स्थितीत’ आहे, हे ठरतं कसं?

‘आजोबांच्या ट्रंकेत सापडलं, शंभर वर्षं जुनं, कंडिशन एकदम मस्त, किंमत इनबॉक्समध्ये.’ फेसबुकच्या जुन्या वस्तूंच्या ग्रुपवर किंवा इन्स्टाग्रामवर अशी एखादी पोस्ट तुम्हीही पाहिली असेल. सोबत फोटो असतो. त्यात कधी मखमली सारीपाट, कधी गोल रंगीत पत्ते, कधी कोपरे फाटलेला ‘नवा व्यापार’चा खोका. खाली शंभर लोक ‘आमच्याकडे पण होता’ म्हणून हळहळत असतात.

पण ‘कंडिशन मस्त’ म्हणजे नेमकं काय? वस्तू चकचकीत दिसते म्हणून? की सगळे भाग जागेवर आहेत म्हणून? गंमत अशी की जुन्या खेळांच्या बाबतीत चकचकीत दिसणं ही बऱ्याचदा शंका घेण्याची गोष्ट असते. आणि अशा वस्तूंचं सगळ्यात जास्त नुकसान उंदीर करत नाहीत. विकायच्या आदल्या दिवशी ‘जरा स्वच्छ करून ठेवू’ म्हणणारा घरचा माणूस करतो.

वर्धा जिल्ह्यातल्या घरांसाठी हा प्रश्न जरा जास्तच महत्त्वाचा आहे. त्याचं कारण इथलं हवामान.

४५ अंश, मग पाऊस, आणि मध्ये कूलर

वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणं नवीन नाही. माळ्यावर, टिनाच्या छपराखाली, लोखंडी ट्रंकेत ठेवलेल्या वस्तूला तर त्याहून जास्त उष्णता सोसावी लागते. कागद वाळून ठिसूळ होतो, पुठ्ठा वाकतो, गोंद सुटतो. जूनमध्ये पाऊस आला की तोच कागद ओलावा शोषून फुगतो. दरवर्षी हे आकुंचन-प्रसरण होत राहतं आणि रंगाचा थर खालच्या कागदापासून हळूहळू सुटायला लागतो.

यात विदर्भातल्या घरांची एक खास भर आहे, ती म्हणजे कूलर. उन्हाळ्यातही ज्या खोलीत दिवसभर ओली हवा खेळते, त्या खोलीतल्या कपाटात कागदाला बुरशी धरू शकते. म्हणजे माळ्यावर भाजणं आणि खोलीत सर्दावणं असे दोनच पर्याय उरतात. शिवाय कसर, झुरळं आणि उधई आहेतच. जुन्या पत्त्यांमध्ये आणि खोक्यांमध्ये खळ असते आणि खळ म्हणजे या मंडळींचं जेवण.

त्यामुळे वर्ध्याच्या घरातला एखादा खेळ बघताना पहिला प्रश्न ‘किती खराब झालाय’ हा नसावा. ‘अजून खराब होतोय का’ हा असावा. जुना, कोरडा, थांबलेला डाग चालतो. बोट लावल्यावर पूड होऊन हाताला येणारी बुरशी, खोक्याच्या तळाशी ताजा भुसा, कडेला जिवंत कसर, हे सापडलं तर बाकी मोजमाप नंतर. आधी तो खेळ बाकीच्या वस्तूंपासून वेगळा काढा.

आधी मोजा, मग कौतुक करा

गोल, हाताने रंगवलेले पत्ते सापडले तर ते बहुधा गंजिफाचे असतात. हा खेळ इराणकडून आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधला गंजिफा पाठवल्याची नोंद ‘बाबरनामा’त आहे. महाराष्ट्रात गंजिफाचं गाव म्हणजे सावंतवाडी. वर्ध्यापासून हे राज्याचं अगदी दुसरं टोक, पण लग्नं, बदल्या आणि देवदर्शनाच्या प्रवासातून डबे कुठून कुठे जातात याचा नेम नसतो.

मुघल पद्धतीच्या गंजिफात ८ रंग आणि प्रत्येकात १२ पानं, म्हणजे एकूण ९६. दशावतारी गंजिफात १० अवतारांचे १० रंग, म्हणजे १२० पानं. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा अंकांची पानं. अंक लिहिलेला नसतो, चिन्हं मोजायची असतात. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशु. म्हणून पूर्ण संच आहे का हे पाहायचं तर मोठ्या सतरंजीवर स्वच्छ पांढरी चादर टाका आणि १० ओळींत १२-१२ पानं मांडा. कुठली जागा रिकामी आहे ते लगेच दिसेल.

मांडल्यावर आणखी एक गोष्ट दिसते. एका रंगाच्या बाराही पानांची पार्श्वभूमी साधारण सारखीच फिकी झालेली असायला हवी. अकरा पानं मळलेली आणि एकच टवटवीत असेल, तर ते पान नंतर कुणीतरी बनवून घातलेलं असण्याची शक्यता मोठी. त्यात फसवणूकच असते असं नाही. खेळणाऱ्या घरात पान हरवलं तर नवं करून घेणं साहजिकच आहे. पण विकताना ते सांगायला हवं.

साध्या ५२ पानांच्या कॅटचा हिशेब वेगळा. इथे मोजणारे बरेचदा चुकतात, कारण ३२ पानांचा कॅट ‘अर्धवट’ असेलच असं नाही. तीनशे चार खेळायला सत्तीपासून वरची ३२ पानंच लागतात. पाच-तीन-दोनला ३०. पूर्ण ५२ पानांच्या जुन्या कॅटमध्येही हे दिसतं. दुऱ्या ते छक्क्या कोऱ्या करकरीत, आणि गुलाम, नव्वी, एक्के मात्र कडेने काळे पडलेले. तो कॅट कुठल्या खेळासाठी वापरला गेला हे पानांच्या मळावरून वाचता येतं. उलट सगळी पानं मळलेली आणि मधलीच बदाम राणी कोरी असेल, तर ती दुसऱ्या कॅटमधून आली आहे का ते पाहा. पाठीमागची नक्षी, कोपऱ्याची गोलाई आणि पानाची जाडी शेजारच्या पानाशी ताडून पाहिली की उत्तर मिळतं.

सारीपाटाचं मोजमाप त्यामानाने सोपं. कापडी पटाला चार फाटे, प्रत्येक फाट्यावर तीन रांगांत आठ-आठ घरं, म्हणजे एकूण ९६ घरं आणि मधला चौक. सोंगट्या १६, चार रंगांच्या चार-चार. लांबट फासे असतील तर चौसर किंवा सारीपाट, कवड्या असतील तर पचिशी. अर्थात एकाच पटावर दोन्ही खेळणारी घरं होतीच, त्यामुळे एका पिशवीत फासेही सापडतात आणि कवड्याही.

खोक्यावरचा पत्ता सांगतो वय

वयाबद्दलचे दावे हा सोशल मीडियावरचा सगळ्यात सैल प्रकार. कोणतीही पिवळी पडलेली वस्तू थेट ‘ब्रिटिशकालीन’ होते. पण छापील खेळ असेल आणि खोका, पावती किंवा दुकानदाराचा शिक्का शिल्लक असेल, तर अंदाज बराच नेमका बांधता येतो. वर्ध्याच्या बाबतीत तर नशीबच म्हणायचं, कारण या जिल्ह्याचा पत्ता वीस वर्षांच्या आत अनेकदा बदलला.

शिक्क्यावर ‘वर्धा, सी. पी.’ असेल तर तो मध्य प्रांताच्या काळातला. तेव्हा वर्धा नदी हीच मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांची सीमा होती, म्हणून नदीपलीकडच्या अमरावतीच्या दुकानाच्या शिक्क्यात ‘बेरार’ येतं. १९५० नंतर ‘मध्यप्रदेश’ किंवा ‘म. प्र.’ दिसू लागतं. होय, वर्धा तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. म्हणजे एखाद्या सापशिडीच्या खोक्यामागे ‘आर्वी, म. प्र.’ असा जांभळा शिक्का असेल, तर तो बहुतेक १९५० ते १९५६ या सहा-सात वर्षांतला. एवढी छोटी खिडकी मोठमोठ्या संग्राहकांनाही सहसा मिळत नाही!

किंमत बघा. रुपये-आणे-पै अशी, उदाहरणार्थ ३-८-० लिहिली असेल तर ती दशमान चलनाआधीची. १ एप्रिल १९५७ ला ‘नये पैसे’ आले आणि १९६४ मध्ये त्यातलं ‘नये’ गेलं. त्यामुळे ‘५० नये पैसे’ छापलेली वस्तूही अशीच छोट्या कालखंडात अडकते. पत्त्यात पिनकोड असेल तर ती छपाई १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीची असूच शकत नाही, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाले. ‘४४२००१’ छापलेला खोका पणजोबांचा म्हणून विकायला ठेवलेला दिसला तर हसून पुढे जा.

एक सावधगिरी मात्र हवी. दुकानाचा शिक्का विक्रीची वेळ सांगतो, बनवण्याची नाही. दुकानदार जुना शिक्का संपेपर्यंत वापरतो, जुना माल वर्षानुवर्षं पडून असतो. आणि खोका एका खेळाचा, आतला माल दुसऱ्याचा, हे तर आपल्या घरात आजही चालतं. बिस्किटाच्या डब्यात सुई-दोरा ठेवणारे लोक आहोत आपण.

मोबाइलचा कॅमेरा आणि जांभळा टॉर्च

आता वस्तू खरंच जुनी आणि मूळची आहे का? घरच्या घरी दोन गोष्टी करता येतात.

पहिली, भिंगाखाली बघणं. मोबाइलचा मॅक्रो मोडही चालतो. हाताने रंगवलेल्या गंजिफावर कुंचल्याचे फटकारे, रंगाची जाडी, कुठे थोडी वाकडी गेलेली रेघ दिसते. दोन मासे कधीच हुबेहूब सारखे नसतात. ऑफसेट छपाईवर मात्र रंगीत ठिपक्यांची बारीक जाळी दिसते. ‘हॅण्डपेन्टेड’ म्हणून दाखवलेल्या पानावर ठिपके दिसले की विषय संपला.

दुसरी, नोटा तपासायला वापरतात तो अतिनील प्रकाशाचा टॉर्च. साधारण १९५० नंतर कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालायला सुरुवात झाली. अंधारात या टॉर्चखाली असा कागद निळसर-पांढरा लखलखतो. जुना कागद मंद राहतो. चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारा केलेला नवा कागदही इथे बरेचदा उघडा पडतो. तसंही चहाचा रंग सगळीकडे सारखा बसतो आणि खऱ्या वापराचा मळ अंगठा जिथे टेकतो तिथेच साचतो.

गंजिफाबाबत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. सावंतवाडीत ही कला जवळपास विझत आली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यात कारागिरांना बसवून ती पुन्हा उभी केली. आजही राजवाड्यात कारागीर पानं रंगवताना बघता येतात. त्यामुळे बाजारात ‘दोनशे वर्षं जुना’ म्हणून फिरणारा संच चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा, याच पुनरुज्जीवनातला असू शकतो. तो खोटा नाही, उत्तम कारागिरीचाच आहे. फक्त पोस्टमध्ये लिहिलेलं वय खोटं आहे.

सॅनिटायझर लावलात तर पान गेलं

जुनी गंजिफाची पानं खळीने चिकटवलेल्या कागदाच्या किंवा कापडाच्या थरांवर रंग चढवून, वर लाख लावून बनलेली असतात. सोंगट्यांवरही लाखेचाच रंग असतो. लाख उष्णतेने मऊ होते, म्हणून माळ्यावरच्या डब्यात पानं एकमेकांना चिकटलेली सापडतात. ती चाकूने सोडवायला जाऊ नका. वरच्या पानाचा राजा खालच्या पानाच्या पाठीवर निघून येतो. आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणजे सॅनिटायझरचा बोळा, डिओ किंवा अत्तराचा हात, यातलं काहीही लागलं की दीडशे वर्षं टिकलेला रंग अर्ध्या मिनिटात कापसावर.

सारीपाट धुणं हा दुसरा लाडका प्रकार. वरची मखमल, आतलं अस्तर आणि घरांच्या पट्ट्या ही वेगवेगळी कापडं. पाण्यात ती वेगवेगळी आटतात, लाल रंग पिवळ्यात उतरतो आणि पट कायमचा गोळा होतो. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटकण्यापलीकडे घरी काही करू नये.

सेलोटेपही नको. त्याचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो आणि टेप गळून पडल्यावरही पट्टा राहतो. लॅमिनेशन तर सगळ्यात वाईट, कारण ते परत काढता येत नाही. ‘नवा व्यापार’च्या नोटांना लावलेला रबर वितळून चिकटतो आणि नियमांच्या पत्रकाची स्टेपलर पिन पावसाळ्यात गंजून कागद खाते. या दोन गोष्टी तेवढ्या आज हलक्या हाताने काढा. डांबरगोळ्या थेट खोक्यात टाकू नका, प्लॅस्टिकच्या सोंगट्या त्यामुळे मऊ होऊन चिकटू शकतात.

आणि ‘नवा व्यापार’बद्दलच एक. अशा खोक्यात हमखास एखादी वहीच्या कागदावर बॉलपेनने लिहिलेली ५००० ची नोट सापडते. संग्राहकाच्या हिशेबात ती मूळची नाही, म्हणून दोष. पण ती फेकू नका, वेगळ्या पाकिटात ठेवा. त्या खेळात त्या घराची म्हणावी अशी तीच एक नोट असते.

हस्तलिखित मोक्षपट, म्हणजे सापशिडीचा आपला जुना अवतार, घडी घातलेल्या अवस्थेत मिळाला तर घडी जोर लावून उलगडू नका. कागद घडीवरच तुटतो. अशा वेळी फोटो काढून कागद-संवर्धन जाणणाऱ्या माणसाला दाखवणं शहाणपणाचं.

फासे हस्तिदंती असतील तर?

इथे प्रश्न कंडिशनचा राहत नाही, कायद्याचा होतो.

जुने फासे हाडाचे, लाकडाचे, प्लॅस्टिकचे किंवा हस्तिदंताचे असतात. हाडावर बारीक काळपट ठिपके आणि रेषा दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. साच्यातल्या प्लॅस्टिकवर जोडाची रेघ असते. तापलेली सुई टोचून बघण्याचा सल्ला यूट्यूबवर मिळतो, तो मानू नका. वस्तू बिघडते आणि उत्तरही खात्रीचं मिळत नाही.

वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ मध्ये दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि १९९१ मध्ये आफ्रिकन हस्तिदंतही त्यात आला. फासे पणजीचे असोत नाहीतर भंगारातून आलेले, ते विकायला पोस्ट टाकणं म्हणजे स्वतःच्या नावाने पुरावा तयार करणं. वारशाने आलेल्या वस्तूबाबतही वन विभागाकडची नोंद आणि मालकी प्रमाणपत्राचा मुद्दा येतो. शंका असेल तर आधी वर्ध्याच्या वन कार्यालयात विचारा, ग्रुपवर नाही.

दुसरा कायदा आहे १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा. कला-कारागिरीची शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाच्या हस्तलिखितासाठी ही मर्यादा ७५ वर्षांची. अशी वस्तू खासगी व्यक्तीने देशाबाहेर पाठवणं हा गुन्हा आहे आणि त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षं कैद होऊ शकते. पुरावस्तू विकण्याचा व्यवसाय करायलाही परवाना लागतो. म्हणजे ‘शंभर वर्षं जुना दशावतारी गंजिफा, वर्ल्डवाइड शिपिंग’ ही एका ओळीची जाहिरात एक तर खोटी आहे किंवा बेकायदा. वस्तू तेवढी जुनी नसेल आणि परदेशातल्या भावाला भेट म्हणून पाठवायची असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र घेता येतं.

मग पोस्टमध्ये लिहायचं काय?

‘कंडिशन मस्त’ऐवजी साधारण असं: सारीपाट, मखमली, घरच्या वापरातला. पट पूर्ण, एका फाट्यावर उंदराने कुरतडलेलं रुपयाएवढं भोक, दुरुस्ती केलेली नाही. सोंगट्या १५, पिवळी एक नाही. दोन हिरव्यांचा रंग उडालेला. फासे नाहीत, कवड्या ६. धुतलेला नाही. पिशवीवर वर्ध्याच्या दुकानाचा शिक्का, त्यात ‘म. प्र.’. वास येत नाही, कसर नाही. फोटो दिवसाच्या उजेडातले, पुढून, मागून, भोकाचा जवळून.

घेणाऱ्यानेही हेच उलट्या बाजूने करावं. विकणाऱ्याला पाठीमागचा फोटो मागा, सगळी पानं मांडलेला एक फोटो मागा आणि ‘कधी पॉलिश किंवा वॉर्निश केलं होतं का’ हे विचारा. खेळ खरंच घरातला असेल तर तीनही गोष्टी संध्याकाळपर्यंत येतात, आणि सोबत कोण कसं चिडीने खेळायचं याचे दोन किस्सेही.